गवताला थंडी वाजते

गोल्फशी माझं वैर नाही. वैर व्हायला आधी ओळख लागते, आणि आमची ओळख माझ्या वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत झालेली नव्हती. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास जो वाढला, त्याला चेंडूचे दोनच उपयोग ठाऊक असतात. एक क्रिकेट, त्यात चेंडू शेजाऱ्याच्या पत्र्यावर जातो. दुसरा आबाधोबी, त्यात तो आपल्या पाठीत बसतो. चेंडू आपणच लांब मारायचा, मग आपणच त्याच्यामागे निमूटपणे चालत जायचं, गाठला की पुन्हा लांब मारायचा, आणि असं सहा-सात किलोमीटर चालून झाल्यावर जिथून निघालो तिथेच येऊन चहा प्यायचा, हा तिसरा उपयोग आमच्या गावात कुणी केला असता तर घरच्यांनी त्याला आधी देवऋषाकडे नेलं असतं.

ही ओळख करून दिली आमच्या जावयांनी. जावई पुण्याला एका कंपनीत बऱ्याच वरच्या जागेवर आहेत. नोकरीत माणूस जसजसा वर चढतो तसतसे त्याला त्या त्या उंचीचे विकार होतात, असं माझं निरीक्षण आहे. कारकुनाला सर्दी होते, हेडक्लार्कला पित्त होतं, मॅनेजरला रक्तदाब होतो, आणि त्याच्याही वर गेलं की गोल्फ होतो. पहिल्या तिन्हींवर औषध आहे.

तर झालं असं, की एका जानेवारीत लेक-जावई हुरड्याला आले. थंडीत आमच्या मुलखात दोन प्रकारचे पाहुणे येतात. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात आणि शेतावर हुरड्याला पुणेकर येतात. दोघांच्याही माना उंच, दोघेही चिखलात जपून पाय टाकतात, आणि दोघांनाही बघायला गर्दी जमते. जावयांनी गाडीच्या डिकीतून एक लांबलचक, पोट सुटलेली पिशवी काढली. ती दोघांनी धरून ओसरीवर आणावी लागली. पिशवीच्या तोंडातून लोखंडी दांडक्यांची डोकी बाहेर डोकावत होती.

"हुरडा भाजायला आपल्याकडे सळया नसतील असं वाटलं की काय त्यांना?" सौभाग्यवतींनी माझ्या कानात विचारलं.

"आई, गोल्फचं सामान आहे ते," लेक म्हणाली. आमच्या घरात कानातलं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं.

पिशवीत चौदा दांडकी होती. नियमच तसा आहे म्हणे. एका खेळाडूला चौदापर्यंतच बाळगता येतात, पंधरावं निघालं तर दंड. आम्ही अख्खं बालपण एका दांडूवर काढलं. तोही बाभळीचा, आणि खेळ संपला की तोच घरी कपडे धोपटायला जायचा. पण जावई हे जावई असतात. त्यांनी चाळीस दांडकी आणली असती तरी आपण "वा, छान आहेत" म्हणायचं असतं. मी म्हणालो.

गोल्फबद्दल मी अगदीच अडाणी होतो असंही नाही. पुण्यात येरवड्याला गोल्फ क्लब चौक आहे हे मला माहीत होतं. त्या चौकात रोज हजारो माणसं सिग्नलला थांबतात; गोल्फसाठी थांबणारी त्यांत किती, हा प्रश्न वेगळा. नाशिकलाही गोल्फ क्लब मैदान आहे. त्याचं आजचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि तिथे सामने होतात ते क्रिकेटचे. एकूण आपल्याकडे गोल्फ हा प्रामुख्याने पत्ता सांगायच्या कामी येणारा खेळ आहे, अशी माझी समजूत होती.

रात्री शेकोटीभोवती बसलो. गुळभेंडीचा कोवळा हुरडा, तिळाची चटणी, गूळ, दही. अशा वेळी माणसाने बोलू नये, तोंडाला काम असतं. पण जावयांच्या तोंडाला दोन्ही कामं जमतात.

"बाबा, गोल्फची खरी मजा थंडीत," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याने मी थक्क झालो. थंडीत चेंडू कमी लांब जातो. गारठलेला चेंडू तितका उसळत नाही, आणि गार हवा जड असल्यामुळे त्याला जास्त अडवते. म्हणून पुढच्या भोकाला लागणारा चेंडू खिशात ठेवून त्याला ऊब द्यायची. अंगात एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ थर घालायचे, म्हणजे हात मोकळा फिरतो. दोन्ही हातांत मोजे. डोक्याला लोकरीची टोपी, कान झाकणारी.

"कानटोपी म्हणा की," मी म्हणालो. या सगळ्या शास्त्रात मला ओळखीचं असं तेवढं एकच माणूस भेटलं.

थंडी आणि गोल्फ यांचं नातं फार जुनं आहे म्हणे. मुळात खेळच स्कॉटलंडचा, जिथे उन्हाळा ही अफवा असते. १४५७ साली तिथल्या पार्लमेंटने गोल्फवर चक्क बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच करत बसायला लागले. हॉलंडात चारशे वर्षांपूर्वी लोक गोठलेल्या कालव्यावर काठीने चेंडू मारत. आवेरकाँप नावाच्या चित्रकाराने ती दृश्यं रंगवून ठेवली आहेत. मुंबईत जे. जे. स्कूलच्या आवारात १८६५ साली जन्मलेला रुडयार्ड किपलिंग पुढे अमेरिकेत व्हरमाँटला राहायला गेला, तेव्हा बर्फात पांढरा चेंडू सापडेना म्हणून त्याने चेंडू लाल रंगवून घेतले. ग्रीनलंडमध्ये तर १९९७ सालापासून समुद्राच्या बर्फावर गोल्फची स्पर्धा भरवायला लागले.

मी मनातल्या मनात आमचा नीरा डावा कालवा गोठवून पाहिला. शंभरावर वर्षांचा जुना कालवा तो, इंग्रजांच्या काळातला. पण त्याच्या बर्फावरून पाटकरी घसरत घसरत पाण्याच्या पाळ्या वाटत चालला आहे, यापलीकडे काही दिसेना.

"उद्या पहाटे दाखवतो तुम्हांला," जावई म्हणाले. सासऱ्याला नाही म्हणता येत नाही, हा हुंड्याचाच एक प्रकार असावा.

पहाटे म्हणजे साडेसहाला आम्ही निघालो. पारा नऊच्या आसपास होता. मी स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल असे तीन थर चढवले होते. ते पातळ नव्हते, पण मला हात मोकळा फिरवायचा नव्हता. आमच्या उसाच्या फडाला लागून अर्ध्या एकराचा एक तुकडा पडीक आहे. जावयांनी तिथे एक लाकडी खुंटी रोवली, तिच्यावर चेंडू ठेवला, पाय फाकवले, कंबर हलवली, पुन्हा पाय हलवले. हे बराच वेळ चाललं. शेवटी मी विचारलं, "काही मदत करू का?"

"श्शू," जावई म्हणाले. "बाबा, खेळ चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. गोल्फचा पहिला शिष्टाचार."

मी गप्प झालो. जावयांनी दांडकं खांद्यामागे नेलं आणि फिरवलं. टक् असा फार गोड आवाज झाला. चेंडू धुक्यात वर गेला, किंचित उजवीकडे वळला, आणि सरळ उसात शिरला.

आता ज्याने उभा ऊस पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. उसात हरवलेला बैल सापडायला दुपार होते. पण जावयांनी हिंमत सोडली नाही. ते बांधावर वाकून वाकून पाचटात दांडकं खुपसत होते, तेवढ्यात उसातून दादा बाहेर आले.

दादा आमच्या शेजारचे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील, पण सगळा गाव दादा म्हणतो म्हणून मीही म्हणतो. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर, खांद्यावर खोरं, एका हातात बॅटरी. पोटऱ्यांपर्यंत चिखल होता आणि पायांची बोटं पाण्यात राहून पांढरीफटक पडून सुरकुतली होती.

"पाव्हणं, काय हरवलं म्हणायचं?"

"चेंडू," जावई म्हणाले.

"पोरांचा व्हय?"

"नाही, माझा."

दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पोरगी कुठे दिली, असं ते डोळे विचारत होते.

"उसात गेला म्हंजी आता तोड आल्याबिगर गावायचा न्हाई," त्यांनी निकाल दिला. मग जावयांच्या हातातलं दांडकं मागून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, पात्यावरून अंगठा फिरवला. "लोखंड झ्याक हाय. पर पातं लई बारकं. ह्यानं दारं मोडायचं न्हाई."

दारं मोडणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. शेतात पाटाने पाणी येतं. एक सरी भरली की खोऱ्याने तिचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्या सरीचं तोंड फोडायचं. त्याला दारं मोडणं म्हणतात, आणि हे करत शेतात उभं राहण्याला दारं धरणं. खोरं खांद्यामागे न्यायचं, कंबरेतून वळायचं, आणि नेमक्या जागी नेमक्या जोराने मारायचं. बघणाऱ्याला वाटेल गोल्फच. फरक इतकाच, की इथे मारल्यावर पाणी आपल्या मागे येतं.

"फार लवकर आलात कामाला," जावई अदबीने म्हणाले. स्वभावाने गुणी आहेत, हे मी त्यांच्या समोरही कबूल करीन.

"आलो न्हाई, निघालोय. राती अकराची लाईट व्हती. आता गेली बगा. अठरा सऱ्या ऱ्हायल्या."

"अठरा?" जावयांचा चेहरा उजळला. "आमचीही अठराच असतात!"

"कशाची?"

"भोकं."

दादांना उंदरांची भोकं वाटली असावीत, कारण त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. मग विचारलं, "ह्यो खेळ एवढ्या गारठ्यात खेळत्यात?"

"थंडीत जास्त मजा येते."

"मग आमी रोजच मजा करतो की," दादा म्हणाले आणि हसले. हसताना त्यांचे दात वाजले, ते आम्हां दोघांनाही ऐकू आले.

"थंडी नाही वाजत रात्रभर?"

"सवं हाय," दादा म्हणाले आणि घराकडे गेले.

इथवर सगळं ठीक होतं. हा एक गमतीचा प्रसंग म्हणून मी तो लग्नाकार्यांत सांगत राहिलो असतो. पण घरी येऊन चहा पिताना जावयांनी मला गोल्फच्या थंडीतलं शेवटचं शास्त्र सांगितलं, आणि तिथे माझं बिनसलं.

थंड देशांत, ते म्हणाले, हिवाळ्यात पहाटे मैदानावरचं दव गोठतं. तसं झालं की सकाळी कुणालाही आत सोडत नाहीत. खेळाडू कितीही मोठा असो, वर्गणी कितीही भरलेली असो, ऊन येऊन हिम वितळेपर्यंत त्याला थांबावंच लागतं.

"माणसं घसरून पडतील म्हणून?" मी विचारलं.

"छे, गवतासाठी. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की पातं मोडतं. मग तिथलं गवत काळं पडतं, सुधारायला दिवस लागतात."

"म्हणजे गवताला थंडी बाधते म्हणून खेळ थांबवतात?"

"हो."

चहाचा कप मी खाली ठेवला. मी गवताचा द्वेष्टा नाही. शेतकऱ्याचा मुलगा आहे, गवताचं दुःख मला कळतं. कुठल्यातरी देशात कुणीतरी पहाटे उठून, वाकून, गवताच्या पात्याला हात लावून पाहतो आणि म्हणतो, "नको, अजून गारठलंय, जरा थांबा," यात मला मोठी संस्कृती दिसते. माझा प्रश्न एवढाच आहे, की त्या पहाटे दादांच्या पोटरीला हात लावून कुणी पाहिलं होतं?

इथे एक गोष्ट मी आतापर्यंत सोयीस्करपणे सांगितलेली नाही. तो ऊस माझा होता.

जमीन माझी, ऊस माझा, दादा वाट्याने करतात. निम्मं त्यांचं, निम्मं माझं, असा व्यवहार. पावसाळा निम्मा-निम्मा, खत निम्मं-निम्मं, कारखान्याचं बिल निम्मं-निम्मं. थंडी मात्र पूर्ण त्यांची. ते रात्री अकरापासून माझ्या उसाला पाणी देत असताना मी दोन रजया घेऊन झोपलो होतो, आणि मध्यरात्री एकदा उठून सौभाग्यवतींना "काय छान गुलाबी थंडी पडलीय" असं म्हणालोही होतो.

मराठी भाषेतून एक शब्द काढायचा अधिकार मला कुणी दिला, तर मी "गुलाबी थंडी" काढीन. थंडीला रंग असतो तो ती सोसणाऱ्याच्या कातडीचा. दादांच्या बोटांवर तो पांढरा होता. नखांत निळसर होता. गुलाबी कुठेच नव्हता. गुलाबी थंडी पडते ती रजईत, किंवा जिथून वाटेल तेव्हा रजईत परत जाता येतं अशा मैदानावर. सगळी गंमत त्या "वाटेल तेव्हा"त आहे. जावई अठरा भोकं खेळोत नाहीतर तिसऱ्यालाच कंटाळून चहाला येवोत, त्यांना कुणी विचारणार नाही. दादा मात्र पाणी वाटेवर सोडून आले तर पाट फुटतो.

दुसरा शब्द मी काढीन तो "सवय". "त्यांना सवय असते हो!" आपल्या मध्यमवर्गाच्या शब्दकोशात याहून उबदार शब्द नाही. त्याची रजई शिवता येईल. दारं धरणाऱ्याला सवय असते. पहाटे सहाला गार पाण्यात आपली रात्रीची भांडी घासणाऱ्या बाईंना सवय असते. धुक्यात सायकलवरून पेपर टाकणाऱ्या पोराला सवय असते. गोल्फच्या मैदानावर साहेबांची चौदा दांडकी खांद्यावर घेऊन चालणाऱ्या, आणि साहेब दांडकं फिरवताना श्वास रोखून उभ्या राहणाऱ्या माणसाला तर दोन्ही सवयी असतात. मला साठ वर्षं थंडीची सवय झाली नाही, ती या सगळ्यांनाच कशी काय होते? दादांना सवय असती तर त्यांचे दात वाजले नसते. दातांना खोटं बोलता येत नाही. माझे कवळीचे आहेत, तेसुद्धा खरं बोलतात.

भिगवणला पहाटे गार पाण्यात उभ्या राहिलेल्या रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला लांबून माणसं येतात, बोटी करतात. रोहितसुद्धा शहाणा पक्षी आहे. एक पाय पोटाशी घेऊन ऊब राखतो, असं म्हणतात. आमचे दादा दोन्ही पाय पाण्यात ठेवून रात्रभर उभे असतात. त्यांचा फोटो मी एकाही भिंतीवर पाहिला नाही.

"पण मग तुम्ही स्वतः का नाही जात?" हा प्रश्न कुणीतरी विचारणार, आणि तो घरच्याच माणसाने विचारला. सौभाग्यवतींनी. तेव्हा दोन दिवसांनी मी गेलो. तीन थर, कानटोपी, गमबूट, काठी, थर्मास. दादांनी मला बांधावर बसवलं, जसं वरातीत म्हाताऱ्याला बसवतात.

त्या रात्री मला काही गोष्टी कळल्या. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं. पाय पाण्यात असेपर्यंत बरं वाटतं, बाहेर काढला की वारा पायाला चावतो. म्हणून दादा पाय बाहेर काढतच नाहीत. मला वाटलं होतं ते सोसत उभे असतात. ते खरं तर शेकत उभे असतात. मोटार मध्येच बंद पडते, आणि विहीर फर्लांगभर लांब असते. साप थंडीत बिळात असतो ही एक चांगली गोष्ट, आणि बिबट्या नसतो ही वाईट. जुन्नरच्या उसात बिबटे आहेत हे आम्ही पूर्वी पेपरात वाचायचो. आता आमच्या बाजूलाही पहिल्यासारखं बिनधास्त उसात कुणी शिरत नाही. म्हणून दादा खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून ठेवतात. बिबट्याला माणूस आहे हे कळावं म्हणून. गोल्फमध्ये शांतता राखतात. दारं धरताना आवाज ठेवावा लागतो. दोन खेळांचे शिष्टाचार वेगळे.

मी एक वाजेपर्यंत टिकलो. मग मला एकदम आठवलं, की मला रक्तदाब आहे.

तेव्हा आता माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. थंडीत गोल्फ खेळायला माझी हरकत नाही. १४५७ सारखी बंदी मला नको. त्या बंदीनंतरही ते लोक खेळतच राहिले. मोठ्या माणसांनी खेळावं. आपल्याकडे मिशा फुटल्या की खेळ सुटतो, आणि मग तुकोबांच्या पालखीबरोबर बेलवडीच्या रिंगणात धावण्यापुरती, फुगडी घालण्यापुरती मोठ्या माणसाला परवानगी उरते. साठीच्या माणसाने चेंडूमागे चालत जाणं मला आता वेडेपणा वाटत नाही. उलट हेवा वाटतो. हरकत आहे ती एवढीच, की थंडी काहींच्या वाट्याला खेळ म्हणून येते आणि काहींच्या वाट्याला पाळी म्हणून, आणि पहिले लोक दुसऱ्यांना सांगतात की थंडी किती छान असते.

आणि दादांची रात्रीची पाळी काही निसर्गाने ठरवलेली नाही. थंडी देवाची, पण वेळापत्रक माणसांचं. पिकाला रात्रीच पाणी हवं असं काही नसतं. ऊस दिवसाही पाणी पितो, मी पाहिलं आहे. शेतीच्या पंपांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, हा हिशेब कुठेतरी उबदार खोलीत बसून केलेला असतो. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ साली आली, २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती आली. चांगलीच गोष्ट आहे. सूर्य आमच्याकडे भरपूर आहे, इंदापुरात तर उन्हाळ्यात गरजेपेक्षा जास्तच. आता तो लवकर दादांच्या तारेत शिरावा, इतकीच प्रार्थना. जिथे तो शिरला तिथली माणसं रात्री झोपतात. जगात कुठेतरी गवतासाठी सूर्य उगवायची वाट पाहतात. आपण माणसासाठी पाहावी, यात जास्त काही मागितलं असं मला वाटत नाही.

तोवर मी माझ्यापुरतं एक केलं आहे. वाटा निम्मा-निम्मा राहिला नाही. थंडीचा वाटा वेगळा धरून दादांचा हिस्सा वाढवला. दादांनी आधी नको म्हटलं, मग हिशेब तपासून घेतला, आणि त्यात माझी एक चूक काढून तो आणखी थोडा वाढवला. यावरून ते शुद्धीवर असल्याची माझी खात्री पटली. भांड्यांसाठी बंबातलं गरम पाणी काढून ठेवायचं काम मी करतो. त्यासाठी पहाटे उठावं लागतं. थंडी अजिबात गुलाबी नाही, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो.

फेब्रुवारीत फडाला तोड आली. बीडकडची टोळी होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्यांचा हिशेब असतो. दोन माणसं, पण मोजायची एक हत्यार म्हणून. गोल्फमध्ये एका माणसाला चौदा दांडकी लागतात, इथे एका कोयत्यात दोन माणसं बसतात. पहाटे चारला ती उसाला भिडली तेव्हा पाचटावर दव होतं. ऊन वर येईपर्यंत थांबा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मीही नाही, कारण कारखान्याची गाडी भरायची होती. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहिलं पाहिजे.

आठच्या सुमारास मी फडावर गेलो. कोप्यांच्या पुढे टोळीतली दोन पोरं खेळत होती. एकाच्या हातात उसाचं कांडं होतं. जमिनीत टाचेने केलेला खड्डा होता. आणि कांड्यासमोर, किंचित मळलेला पण ओळखू येणारा, जावयांचा चेंडू होता.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. जावईच होते. तोड आल्याचं लेकीकडून कळलं होतं त्यांना.

"बाबा, सापडला का हो चेंडू?"

पोराने पाय फाकवले होते, कांडं मागे नेलं होतं, जीभ दातांत धरली होती.

"श्शू," मी म्हणालो. "खेळ चालू असताना मध्ये बोलायचं नसतं."